लसूण किती घालायचा? इंधन, पेटंट आणि ‘सहज सुचण्याजोगं’

मध्ये दोन महिने इथे काही लिहिलं नाही. कारण असं की माझ्या तीन वर्षांच्या कामावर एका ओळीचा अभिप्राय आला आणि त्या ओळीनं मला रसायनशास्त्र सोडून इतिहास वाचायला लावला.

नव्याने येणाऱ्यांसाठी माझं काम थोडक्यात. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. इथेनॉलचं मात्र दोघांशीही जमतं. पावसाळ्यात टाकीत थोडं पाणी शिरलं तर ते आधी गुपचूप मिसळून जातं, आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल पेट्रोलचा हात सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. टाकीत दोन थर होतात. गाडी इंधन ओढते ते तळातून, म्हणजे नेमका नको तो थर इंजिनात जातो. गारठा असेल तर हे आणखी लवकर होतं. (सोलापुरात कसला आलाय गारठा, हा प्रश्न मला प्रत्येक सेमिनारमध्ये विचारला जातो. उत्तर: बर्फ आणि मीठ घालून आम्ही तो प्रयोगशाळेत आणतो.)

हे थर होऊ नयेत म्हणून मी पेट्रोलमध्ये फ्यूजेल ऑइलचा एक भाग घालून बघते. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी डिस्टिलरी आहे. मळीपासून अल्कोहोल काढताना जी जड, उग्र वासाची अल्कोहोलं बाजूला निघतात ते फ्यूजेल ऑइल. त्यात आयसोअमाइल अल्कोहोल सर्वांत जास्त. बाबा डिस्टिलरीत केमिस्ट होते. त्यांच्या शर्टाला येणारा वास मी लहानपणापासून ओळखते. ही अल्कोहोलं पेट्रोल आणि पाणी यांच्यात मध्यस्थी करतात. किती टक्के घातली की मध्यस्थी चांगली होते, हे मी मोजत आले. वेगवेगळी प्रमाणं, वेगवेगळी तापमानं, वेगवेगळं पाणी. वहीमागून वही.

मॅडमच्या सांगण्यावरून पेटंटसाठी माहिती लिहून दिली. ती एका पेटंट एजंटकडे गेली. त्यांनी फोन केला, अगदी नम्रपणे बोलले, आणि नंतर लेखी कळवलं: हे रूटीन एक्सपेरिमेंटेशन आहे, जाणकाराला सहज सुचण्याजोगं आहे.

रूटीन! तीन वर्षं बर्फ फोडून हात सोलवटले, ते रूटीन.

राग शांत झाल्यावर घरी आईला समजावून सांगायला गेले, आणि सांगता सांगता मलाच ते पटायला लागलं. शेंगदाण्याच्या चटणीचं उदाहरण घ्या. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ एकत्र कांडतात हे सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे. लसूण वाढवला की चव बदलते हेही माहीत आहे. आता कोणी वीस वाट्यांत वीस प्रमाणांत लसूण घालून बघितला आणि सांगितलं, की अमुक पाकळ्या सर्वांत छान लागतात, तर त्यानं मेहनत केली, चटणी चांगली झाली. पण शोध लावला का? आई म्हणाली, “वीस वाट्या कशाला? मी हातानं सांगते.” कायद्याला नेमकी हीच बाई अभिप्रेत आहे.

पेटंट मिळायला तीन गोष्टी लागतात: वस्तू नवी हवी, तिचा उद्योगात उपयोग हवा, आणि ती त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगी नको. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम २(१)(जेए) हेच सांगतं. त्यात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, हेही शब्द आहेत. हा जाणकार माणूस काल्पनिक आहे. त्यानं आपल्या विषयातलं छापून आलेलं सगळं वाचलेलं असतं, हातात कसब असतं, पण कल्पनाशक्ती बेताचीच असते. “म्हणजे पीएचडीचा विद्यार्थी,” असं मॅडम म्हणाल्या.

तर, हा काल्पनिक माणूस आणि इंधनात घालायचं रसायन यांची गाठ इतिहासात कुठे पडली, हे शोधत मी गेले आणि थेट अमेरिकेतल्या डेटन शहरात पोचले.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारींच्या इंजिनांना एक दुखणं होतं. आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात तसं, इंजिन ‘ठोकायचं’. सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण दाबलं की त्याचा काही भाग आपल्या वेळेआधीच भडकतो आणि खडखड आवाज येतो. दाब वाढवला तर इंजिन जास्त ताकद देतं, पण ठोकाही वाढतो. म्हणजे ठोका थांबवल्याशिवाय चांगलं इंजिन बनवताच येत नव्हतं. मोटारीचा इलेक्ट्रिक स्टार्टर बनवणाऱ्या चार्ल्स केटरिंगनं हे काम १९१६ मध्ये थॉमस मिजली नावाच्या तरुणाला दिलं. मिजली मेकॅनिकल इंजिनिअर होता, रसायनशास्त्रज्ञ नव्हता. हे लक्षात ठेवा.

पहिला शोध चुकीच्या तर्कातून लागला. केरोसिन पेट्रोलपेक्षा जास्त ठोकतं. मिजलीला वाटलं, केरोसिनला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषेल, लवकर वाफ होईल आणि ठोका थांबेल. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून त्यानं आयोडीन घातलं. ठोका थांबला! मग त्यानं खरेखुरे लाल रंग आणून घातले. काही फरक नाही. म्हणजे काम रंगाचं नव्हतं, आयोडीनचं होतं. तर्क सपशेल चुकला, पण एक मोठी गोष्ट हाती लागली: चिमूटभर रसायनानं ज्वलनाची रीत बदलते.

आता आपल्या जाणकाराला विचारा, की केरोसिनमध्ये आयोडीन घालणं तुला सुचलं असतं का? कुणालाच सुचलं नसतं. मिजलीलासुद्धा ते सुचलेलं नव्हतं, रंगाची बाटली नव्हती एवढंच.

आयोडीन महाग, शिवाय धातू खाणारं. मग शोधाशोध सुरू झाली. १९१९ च्या सुरुवातीला ॲनिलिन सापडलं. ते चालायचं, पण वास. नंतर सेलेनियम, टेल्युरियम यांची संयुगं; ती ॲनिलिनपेक्षा जोरदार, आणि वासही तसाच जोरदार. टेल्युरियमचा वास लसणासारखा असतो आणि कपडे बदलले, आंघोळ केली तरी जात नाही. (चटणीचं उदाहरण मी आधी घेतलं होतं, हा योगायोग नंतर सापडला.) हाताला येईल ते घालून बघायचं, अशी ही पद्धत होती.

मग १९२१ मध्ये एमआयटीचे रॉबर्ट विल्सन यांनी मूलद्रव्यांची आवर्त सारणीच्या क्रमानं मांडणी करून बघायला सुचवलं. मिजली आणि त्याचा सहकारी टी. ए. बॉइड यांनी आतापर्यंतचे निकाल त्या तक्त्यावर मांडले तेव्हा दिसलं, की ठोका थांबवण्याची ताकद तक्त्यात एका दिशेनं वाढत जाते. कथिलाचं संयुग बरं निघालं. त्याच उभ्या रांगेत कथिलाच्या खाली शिसं आहे. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड इंजिनात घातलं, आणि हजार भागांत एका भागाहून कमी घालूनसुद्धा ठोका गेला.

इथे मी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ छताकडे बघत बसले. कारण तक्ता समोर असेल तर शेवटची पायरी काय होती? कथिल चालतंय, खालचं घर शिशाचं, घालून बघू. यापेक्षा ‘रूटीन’ दुसरं काय असतं? माझ्या वहीतल्या पाच टक्क्यांनंतर सात टक्के बघण्यासारखंच हे झालं.

पण कायदा वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतो. तो म्हणतो, ‘सहज सुचण्याजोगं’ हे शोधणाऱ्याच्या डोक्यात काय होतं यावरून ठरवायचं नाही. जगाला तेव्हा काय माहीत होतं यावरून ठरवायचं. निकाल मांडलेला तो तक्ता मिजलीच्या प्रयोगशाळेत होता, जगाकडे नव्हता. टेट्राइथाइल लेड हे संयुग तर जुनंच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोविग यानं ते १८५० च्या दशकात बनवलं होतं. त्यावर कुणाचा हक्क नव्हता. पण ते पेट्रोलमध्ये घातलं की इंजिन शांत होतं, हे त्या साठ-सत्तर वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. मिजलीनं पेटंट घेतलं ते या वापराचं. अर्ज १९२२ चा, मंजुरी फेब्रुवारी १९२६ मधली.

आणखी एक पायरी मला फार आवडते, कारण ती पूर्णपणे आमच्यासारख्या लोकांची आहे. टेट्राइथाइल लेड बनवायला सुरुवातीला इथाइल ब्रोमाइड वापरत. ब्रोमीन महाग. न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलसाठी काम करणाऱ्या चार्ल्स क्राउस या रसायनशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं ते इथाइल क्लोराइडनं करून दाखवलं. क्लोरीन आवर्त सारणीत ब्रोमीनच्या अगदी वरच्या घरात बसतं. बारावीचं पोरगंसुद्धा म्हणेल, ब्रोमाइडनं होतंय ना, मग क्लोराइडनं करून बघा. कागदावर इतकं सोपं. प्रत्यक्षात क्लोराइड आळशी असतं. त्याच्याकडून काम करून घ्यायला दाब आणि उष्णता लागते, आणि ते सांभाळणं फार अवघड. हे क्लोराइडचं पेटंट हातात होतं म्हणून स्टँडर्ड ऑइल जनरल मोटर्सबरोबर बरोबरीनं बसली, आणि १९२४ मध्ये दोघांची मिळून इथाइल गॅसोलीन कॉर्पोरेशन उभी राहिली. ‘लेड’ हा शब्द नावात कुठेच नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टँडर्डच्या बेवे इथल्या कारखान्यात, याच क्लोराइडच्या कामात, शिशाच्या विषबाधेनं पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिजली स्वतः त्याआधीच, १९२३ च्या सुरुवातीला, शिशाच्या बाधेतून सावरण्यासाठी फ्लोरिडाला जाऊन आला होता.

म्हणजे शिसं विषारी आहे हे उघड होतं. पण त्या ‘उघड’चा पेटंटशी संबंध नसतो.

आता आपल्या सोलापूरच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट. मिजलीला दुसरा उपाय माहीत नव्हता असं नाही. ऑक्टोबर १९२१ मध्ये, म्हणजे शिसं सापडण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, तो डेटनहून इंडियानापोलिसला मोटार इंजिनिअरांच्या सभेला गेला तो जास्त दाबाच्या इंजिनाची गाडी चालवत, आणि तिच्या टाकीत होतं ३० टक्के अल्कोहोल मिसळलेलं पेट्रोल. गाडी ठोकली नाही. मिजलीनं अल्कोहोलबद्दल तेव्हा चांगलंच बोलून-लिहून ठेवलं आहे. तरी दोन महिन्यांनी तो शिशाकडे वळला आणि मागे फिरला नाही.

का? यावर इतिहासकारांनी बरंच लिहिलं आहे. अल्कोहोल इंजिनात चालतं हे तोवर सगळ्या जगाला माहीत होतं. जर्मनीत, फ्रान्समध्ये त्यावर गाड्यांच्या शर्यती झाल्या होत्या. जे सगळ्यांना माहीत आहे, जे कुठलाही शेतकरी भट्टी लावून बनवू शकतो, त्यावर हक्क कसला सांगणार? शिशाच्या वापरावर मात्र सांगता येत होता, आणि प्रत्येक गॅलनमागे पैसे घेता येत होते. माझ्या मते हे कारण मोठं आहे, पण एकटं नाही. अल्कोहोल २०-३० टक्के लागतं, शिसं चिमूटभर पुरतं. अमेरिकेत तेव्हा नुकतीच दारूबंदी आली होती. आणि अल्कोहोल पाण्याबरोबर वेगळं होतं, ज्याच्यामागे शंभर वर्षांनी मी लागलेय. नुसतं ‘पेटंटच्या लोभानं जगाला शिसं पाजलं’ असं म्हणणं भाषणात बरं वाटतं. पण समजा अल्कोहोलचा वापरही तेव्हा नवाच असता, कुणाला न सुचलेला असता, तर जनरल मोटर्सनं पाण्याचा प्रश्न सोडवायला किती माणसं बसवली असती? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

शिसं मग साठ-सत्तर वर्षं जगभर जळलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१.

परत कायद्याकडे येऊ, कारण माझं भांडण ‘रूटीन’ या शब्दाशी होतं. १९४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर मोटारीतल्या सिगारेट लायटरचा खटला आला. न्यायालय म्हणालं, नुसतं कौशल्य पुरेसं नाही, शोधात प्रतिभेची चमक दिसली पाहिजे. संशोधकांमध्ये खळबळ उडाली. आयोडीनवाला अपघात ‘चमक’ ठरणार आणि वर्षानुवर्षं तक्ता भरत बसलेली माणसं बाद होणार का? १९५२ मध्ये अमेरिकेनं नवा पेटंट कायदा केला आणि त्यात एक वाक्य मुद्दाम घातलं. त्याचा अर्थ असा, की शोध कोणत्या रीतीनं लागला यावरून पेटंट नाकारायचं नाही. चमकून लागो, घासून लागो.

हे वाचून मी जवळजवळ उडीच मारली. मग १९५५ चा निकाल वाचला आणि परत खाली बसले.

तो खटला ॲलर नावाच्या अर्जदाराचा. क्युमीन हायड्रोपेरॉक्साइडपासून फिनॉल करायची प्रक्रिया. आधीच्या संशोधनात १०० अंश तापमान आणि १० टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरलं होतं. ॲलर आणि मंडळींनी ४० ते ८० अंश आणि २५ ते ७० टक्के आम्ल वापरलं आणि फिनॉल जास्त मिळवलं. न्यायालयानं पेटंट नाकारलं. प्रक्रियेची सर्वसाधारण चौकट आधीच माहीत असेल, तर तिच्यात सर्वांत चांगलं तापमान आणि सर्वांत चांगलं प्रमाण नेहमीच्या प्रयोगांनी शोधणं म्हणजे शोध नव्हे. अपवाद एकच: त्या प्रमाणाला असं काही घडलं पाहिजे, जे नुसतं ‘थोडं जास्त’ नसून वेगळ्याच जातीचं आहे, अपेक्षेबाहेरचं आहे.

म्हणजे मेहनतीची रीत माफ, पण निकाल अपेक्षेतला नको. लसणाच्या वीस वाट्या मांडायला हरकत नाही. पण अकराव्या वाटीत चटणी महिनाभर जास्त टिकली आणि दहाव्या-बाराव्यात टिकली नाही, तर कायदा कान टवकारतो.

आपल्याकडे हा प्रश्न आला तो पेट्रोलच्या नव्हे, औषधाच्या बाटलीतून. पण रसायन तेच, प्रश्न तोच. मधुमेहावरच्या टोलब्युटामाइड या गोळीचं पेटंट जर्मनीच्या होएख्स्ट कंपनीकडे होतं. मुंबईची युनिकेम लॅबोरेटरीज ‘युनी-टोल्बिड’ या नावानं तेच औषध बनवू लागली, परळच्या हाफकिन संस्थेनं बसवलेल्या प्रक्रियेनं. होएख्स्टनं मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १९११ चा इंग्रजांच्या वेळचा पेटंट कायदा तेव्हा चालू होता, आणि शोध सहज सुचण्याजोगा असेल तर पेटंट रद्द, हे त्यातही होतं. युनिकेमनं पेटंटच्या वैधतेलाच आव्हान दिलं.

या औषधाची मागची गोष्ट तुम्ही स्वतः तोलून बघा. १९४२ मध्ये फ्रान्समध्ये मोंपेलिए इथे टायफॉइडच्या रुग्णांना एक सल्फा औषध देताना त्यांची रक्तातली साखर धोकादायक खाली जाते असं दिसलं. पुढे जर्मनीत कार्ब्युटामाइड हे दुसरं सल्फा औषध साखर कमी करण्यासाठी वापरलं गेलं. टोलब्युटामाइड त्याचं सख्खं भावंड: एका टोकाचा अमिनो गट काढून तिथे मिथाइल गट बसवलेला, बाकी रेणू तोच. या एका बदलानं सल्फाचा जंतुनाशक गुण जातो, साखर उतरवण्याचा गुण राहतो. कागदावर एक गट बदलला, बस. क्लोराइड-ब्रोमाइडचीच गोष्ट पुन्हा. जाणकाराला ‘बदलून बघू’ हे सुचेलही. बदलल्यावर रोग्याला काय होईल, हे त्याला कागद बघून सांगता येईल का?

१९६८ मध्ये न्यायमूर्ती विमादलाल यांनी निकाल दिला: पेटंट वैध, आणि युनिकेमकडून त्याचा भंग झालेला आहे. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा निकाल पटतो. परळच्या प्रयोगशाळेचा विचार आला की मात्र पटत नाही. सरकारी संस्थेतल्या माणसांनी आपल्या डोक्यानं प्रक्रिया बसवली, देशात औषध बनायला लागलं, आणि ते थांबलं. एकाच माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी राहू शकतात.

हा निकाल लागला तेव्हा नव्या पेटंट कायद्याची चर्चा दिल्लीत चालूच होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल १९५९ चा. त्यातून आलेला १९७० चा कायदा एप्रिल १९७२ मध्ये लागू झाला, आणि त्यात अन्न, औषधं आणि रासायनिक प्रक्रियेनं बनणारे पदार्थ यांच्या पदार्थावर पेटंट मिळेनासं झालं. फक्त बनवण्याच्या रीतीवर मिळणार. लोक हे औषधांपुरतं लक्षात ठेवतात. पण इंधनात घालायचं नवं रसायनही त्याच कलमात अडकत होतं. २००५ पर्यंत भारतात कुणी नवा ॲडिटिव्ह रेणू बनवला असता, तर त्या रेणूवर नव्हे, तो बनवण्याच्या पायऱ्यांवरच हक्क मिळाला असता.

‘सहज सुचण्याजोगं’ या शब्दाची देशी कसोटी सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७८ मध्ये सांगितली, आणि ती रसायनावर नाही, मिर्झापूरच्या पितळी भांड्यांवर आहे. भांडं लेथवर नीट धरून ठेवण्याच्या साधनाचं पेटंट होतं. न्यायालय म्हणालं, कारागिरानं आपल्या कारखान्यात रोजच्या कामात केलेली सुधारणा म्हणजे शोध नव्हे. त्यापेक्षा काहीतरी जास्त हवं. पेटंट गेलं. इंधनवाल्यांसाठी आणखी एक अडसर कलम ३(ई) मध्ये आहे: नुसतं मिश्रण, ज्यात प्रत्येक घटक आपापलंच काम करतो, त्याला पेटंट नाही. घटकांनी एकत्र येऊन बेरजेपेक्षा जास्त काही केलं पाहिजे. पेट्रोल, इथेनॉल, फ्यूजेल ऑइल. माझं सगळं कामच मिश्रणाचं!

आणि अल्कोहोल? ज्याला कुणाचं पेटंट नव्हतं ते सावकाश चालत आलं. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, भारतानं पॉवर अल्कोहोलचा कायदा केला होता. पुढे तो धूळ खात पडला. २००१ मध्ये सरकारनं इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पथदर्शी प्रकल्प घेतले, त्यांतले दोन आपल्याच राज्यात: मिरज आणि मनमाड. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के. २०२५ मध्ये वीस टक्क्यांचं उद्दिष्ट गाठल्याचं केंद्र सरकारनं जाहीर केलं. मिजलीच्या गाडीतल्या तीस टक्क्यांपेक्षा अजून कमीच.

हे सगळं वाचून मी पुन्हा त्या एजंट साहेबांना फोन केला. भांडायला नाही. विचारलं, जड अल्कोहोलं पेट्रोल-इथेनॉलला एकत्र धरून ठेवतात, हे आधी कुठे छापलंय? त्यांनी हसत हसत यादी पाठवली. १९३० च्या दशकापासूनचे लेख. जाणकारानं हे सगळं वाचलेलं असतं, मी वाचलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या अर्जातला मुख्य दावा रूटीन होता, यात आता मला शंका नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “आमच्या डिस्टिलरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तू विचारलं नाहीस.” धन्य!

मग मी वह्या पुन्हा काढल्या. या वेळी सर्वांत चांगला आकडा शोधत नव्हते. न जुळणारा आकडा शोधत होते. प्रमाण वाढवत नेलं की थर होण्याचं तापमान एका रेषेत खाली जायला हवं, आणि जवळपास सगळीकडे ते तसंच जातं. एका ठिकाणी मात्र जात नाही. गेल्या वर्षी त्या नोंदीपुढे मी स्वतःच्या हातानं ‘नमुना खराब?’ असं लिहून पुढे गेले होते. गेल्या दोन आठवड्यांत ते प्रमाण चार वेळा नव्यानं बनवलं, दोनदा माझ्या हातून आणि दोनदा शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीच्या हातून, फ्यूजेल ऑइल वेगळ्या डिस्टिलरीचं घेऊन. चार वेळा तेच.

आता फ्यूजेल ऑइलमधल्या कोणत्या घटकामुळे हे होतं ते वेगळं काढायचं आहे. पुढच्या सोमवारपासून गॅस क्रोमॅटोग्राफचा नंबर लागलाय. ते प्रमाण किती, हे मी इथे लिहिणार नाही, रागावू नका. एजंट साहेबांनी बजावलं आहे, की ब्लॉगवर लिहिलं म्हणजे जगाला सांगितलं. आणि जगाला सांगितलेलं सगळं त्या काल्पनिक जाणकारानं त्याच रात्री वाचलेलं असतं.